मापं कुणी घेतली?

ऑक्टोबर २००८. अमेरिकेत, मिनियापोलिसमध्ये रात्रीचे साडेनऊ, म्हणजे कऱ्हाडात सकाळचे आठ. चहा झालेला, दुकान अजून उघडायचंय, अण्णा, म्हणजे माझे वडील, पानाला चुना लावत बसलेत, ही माझी फोनची ठरलेली वेळ. हवापाणी विचारून झालं आणि मी म्हणाले, "अण्णा, इथं एका उमेदवार बाईच्या कपड्यांवर पाऊण कोटी रुपये खर्च झालाय."

पलीकडे शांतता. मला वाटलं लाइन गेली. मग अण्णांनी विचारलं, "मापं कुणी घेतली?"

आठवडाभर मी त्या बातमीवर काय काय ऐकलं होतं. ऑफिसात, टीव्हीवर, लिफ्टमध्ये. हा प्रश्न मात्र कुणालाच पडला नव्हता.

बाई म्हणजे सारा पेलिन. अलास्काच्या गव्हर्नर, त्याआधी वसिला नावाच्या छोट्याशा गावच्या महापौर. रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन यांनी २९ ऑगस्टला उपाध्यक्षपदासाठी त्यांचं नाव जाहीर केलं आणि ३ सप्टेंबरला त्या सेंट पॉलला पक्षाच्या अधिवेशनात भाषणाला उभ्या राहिल्या. मधे पाच दिवस. सेंट पॉल म्हणजे मिनियापोलिसचं जुळं भावंड, नदीपलीकडचं. त्यामुळे खरेदी कुठे झाली? बरीचशी आमच्याच बाजारात. पक्षाने सरकारदरबारी भरलेला हिशेब ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात बाहेर आला, त्यात मिनियापोलिसच्या नीमन मार्कस या महागड्या दुकानाचे ७५,०६२ डॉलर ६३ सेंट होते. सॅक्स फिफ्थ अॅव्हेन्यूचे जवळपास साडेएकोणपन्नास हजार. केस आणि मेकअपचे एका महिन्याचे पावणेपाच हजारांच्या आसपास. सगळी मिळून दीड लाखाच्या वर बेरीज. डॉलर तेव्हा पन्नास रुपयांना टेकला होता, म्हणून पाऊण कोटी. आणि आपल्याकडे त्या वेळी महाराष्ट्रातल्या लोकसभेच्या उमेदवाराला अख्ख्या प्रचाराची कायदेशीर मर्यादा होती २५ लाख! तीन खासदार निवडून आणायचे पैसे एका कपाटात. (कागदावरचे तीन खासदार, हे काय मी सांगायला हवं.)

ते नीमन मार्कस माझ्या रोजच्या वाटेवर होतं. तिथे थंडी अशी असते की शहरभर इमारतींना जोडणारे काचेचे बंद पूल आहेत, स्कायवे. दुसऱ्या मजल्यावरूनच माणसं अख्खं डाउनटाउन फिरतात. मी एका प्रोजेक्टवर दोन वर्षांसाठी गेले होते आणि डबा खाऊन झाला की त्या पुलांवरून एक चक्कर मारायचे. पोचल्याच्या पहिल्याच आठवड्यात तिथल्या एका मराठी बाईंनी मला सांगितलं होतं, "मिनेसोटात कपड्यांवर टॅक्स नाही हं, खरेदी इथूनच करायची." त्या सल्ल्याच्या जोरावर मी एकदा नीमन मार्कसमध्ये शिरले. एक जाकीट हातात घेतलं आणि सवयीने उलटं केलं. शिंप्याची मुलगी, कपडा आतून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. अस्तर हाताने टाचलेलं. शिवणीत जादा कापड सोडलेलं, म्हणजे पुढे माणूस सुटला तर उसवून वाढवता येईल. काजाला एक धागा इकडचा तिकडे नाही. मग किमतीची चिठ्ठी पाहिली आणि जाकीट होतं तसं, खांदे नीट बसवून, हँगरला लावलं. सेल्सगर्ल हसली. बहुतेक रोज हसत असेल.

हिशेब बाहेर आला तेव्हा लीमन ब्रदर्स ही बडी बँक बुडून सव्वा महिना झाला होता. आमच्या मजल्यावर रोज कुणीतरी खोक्यात आपली झाडं आणि मुलांचे फोटो भरून निघत होतं. अशा दिवसांत ती बातमी पडली आणि जो तो बोलायला लागला. आमच्या टेस्टिंग टीममध्ये एक बाई होत्या, पन्नाशीच्या, दोन मुलं आइस हॉकी खेळणारी. पेलिनबाईंनी भाषणात स्वतःला हॉकी मॉम म्हणवून घेतलं होतं. हॉकी मॉम आणि पिटबुल कुत्रा यांच्यात फरक काय, तर लिपस्टिक, हा त्यांचा विनोद गाजला होता. या आमच्या बाई खऱ्याखुऱ्या हॉकी मॉम. पहाटे पाचला उठून पोराला रिंकवर सोडणाऱ्या, मोठ्याचे स्केट्स धाकट्याला घालणाऱ्या. त्या पेलिन यांनाच मत देणार होत्या, टेबलावर बिल्लाही होता. बातमीच्या दुसऱ्या दिवशी बिल्ला दिसला नाही. मी काही विचारलं नाही. त्याच म्हणाल्या, "मला नवीन कपडे घेतल्याचा राग नाही. पण तिने मला विचारलं असतं तर मेसीजमध्ये सेल चालू होता." खरं तर यादीत मेसीजही होतं, साडेनऊ हजार डॉलरला लागून. ते मी त्यांना सांगितलं नाही.

गंमत पुढेच आहे. ही बातमी यायच्या दोनच दिवस आधी ओबामांच्या प्रचाराने जाहीर केलं होतं की एका सप्टेंबर महिन्यात त्यांनी १५ कोटी डॉलर गोळा केले. पंधरा कोटी! कपड्यांच्या हजारपट. त्यातले किती टीव्हीच्या जाहिरातींत गेले, किती विमानांत, यावर आमच्या मजल्यावर एक अक्षर निघालं नाही. कसं निघेल? तीस सेकंदांची जाहिरात कितीला पडते हे कुणी कधी विकत घेऊन बघितलंय? जाकीट मात्र प्रत्येकाने घेतलंय, किंवा घ्यायला जाऊन परत ठेवलंय. माझ्यासारखं.

आणि त्रेसष्ट सेंट. मला वाटतं त्या त्रेसष्ट सेंटनी घात केला. पाऊण लाख म्हटलं तर आकडा कानावरून जातो. ७५,०६२ डॉलर ६३ सेंट म्हटलं की काउंटर दिसतो, पावती फाडणारी मुलगी दिसते. पक्षाने हा खर्च दाखवला होता तोही 'प्रचाराच्या अॅक्सेसरीज' या सदराखाली. आपल्याकडे त्या सदरात टोप्या, उपरणी आणि बिल्ले येतील.

बाईंची बाजू अगदीच लंगडी नव्हती. टॅम्पाच्या सभेत त्या म्हणाल्या की ते कपडे माझे नाहीतच, स्टेज आणि लाइट जसे पक्षाचे तसे तेही. मी आता माझेच जुने कपडे घालतेय, अँकरेजमधल्या सेकंडहँड दुकानातले. बोटातली लग्नाची अंगठीसुद्धा ३५ डॉलरची, हवाईत घेतलेली, हेही सांगितलं. मला त्या क्षणी त्यांची जरा कीव आली. भरसभेत अंगठीची किंमत सांगायला लागावी? मॅकेन यांच्या पायात ५२० डॉलरचे इटालियन बूट होते, त्याच उन्हाळ्यात ती बातमी येऊन गेली होती. दोन दिवस चालली आणि विरली. पुरुषाला गडद निळे दोन सूट आणि पाच टाय असले की निवडणूक निघते. कालचाच सूट आज घातला हे कुणाच्या बापाला कळत नाही. बाईने तेच जाकीट दुसऱ्यांदा घातलं की फोटो शेजारी शेजारी छापून येतात. पुरुष अगदीच सुटतात असं मात्र नाही. जॉन एडवर्ड्स नावाच्या उमेदवाराने आदल्या वर्षी ४०० डॉलरला केस कापून घेतले आणि बिल प्रचाराच्या खात्यात लावलं. गरिबीवर भाषणं देणारा माणूस. लोकांनी त्याचीही हजामत केली.

कायद्याचं म्हणाल तर प्रचाराच्या पैशातून उमेदवाराने स्वतःसाठी कपडे घ्यायचे नाहीत असं तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि ते ज्या २००२ च्या कायद्यात आलं तो ओळखला जातो खुद्द मॅकेन यांच्या नावाने. पण इथे पैसे उमेदवाराच्या खात्यातून नाही, पक्षाच्या खात्यातून गेले. तक्रार झाली, पुढच्या वर्षी निवडणूक आयोगाने निकालात काढली. फटीतून अख्खं कपाट गेलं.

आता अण्णांचा प्रश्न. त्यांचं म्हणणं होतं, रेडीमेड कपडा कितीही भारी असला तरी तो 'कुणालातरी' बसतो, 'हिला' बसत नाही. पाच दिवसांत बाई टीव्हीवर उभी करायची तर रात्र जागून कुणीतरी बाह्या उसवल्या असणार, कंबर आत घेतली असणार. "त्या माणसाचं बिल यादीत हाय का बघ." मी बघितलं. नव्हतं. निदान वर्तमानपत्रांनी छापलं नव्हतं. चुलतभावाच्या सायबर कॅफेत मी त्या क्रीम रंगाच्या जाकिटातला फोटो मेल केला. अण्णांनी चष्मा वर करून बघितला म्हणे, आणि एवढंच म्हणाले, "खांदा बसलाय. हात फिरलाय कुणाचातरी."

अण्णांना उमेदवारांचं काम नवीन नव्हतं. शनिवार पेठेत आमचं दुकान, तीन मशिनं. नगरपालिका, पंचायत समिती, झेडपी, जे इलेक्शन लागेल त्याचे नेहरू शर्ट आमच्याकडे यायचे. अण्णांची त्यातली शास्त्रं ठरलेली. मुंढा सैल ठेवायचा, कारण उमेदवार दिवसभर हात वर करतो. मुंढा घट्ट असला की हाताबरोबर शर्ट वर चढतो आणि पोट दिसतं. वरच्या खिशाला आतून दुहेरी कापड लावायचं. त्यात चिठ्ठ्या, पेन, मोबाइल, कुणाचा तरी अर्ज. खिसा लोंबला की माणूस हरल्यासारखा दिसतो. झेंडूचा डाग कॉलरवरून निघत नाही, म्हणून दोन शर्ट हारांसाठीच वेगळे ठेवा, असंही ते सांगायचे.

एकदा एक उमेदवार आले. नाव कशाला सांगू, गावात अजून मान आहे. साधेपणाबद्दल ख्याती. खादीचं मोठं गठ्ठं टाकलं टेबलावर आणि म्हणाले, "मास्तर, नऊ शिवा. सगळे एका मापाचे, एका रंगाचे, बटणंसुद्धा तीच." अण्णा म्हणाले, रंगात जरा फरक करू का? तर म्हणाले, "नको. लोकांना वाटलं पाहिजे एकच शर्ट हाय." मी तेव्हा नववीत होते, काज-बटणाला बसायचे. नऊ शर्टांची बटणं मी लावली. त्या वर्षी गावभर ऐकलं, साहेब एका शर्टावर निवडणूक लढले. वाण्याच्या दुकानात ऐकलं, शाळेत सरांच्या तोंडून ऐकलं. घरी येऊन मी सांगायला लागले तर अण्णांनी ओठांवर बोट ठेवलं. गिऱ्हाइकाचं माप बाहेर सांगायचं नसतं.

त्या नऊतल्या चारांची शिलाई अजून यायची आहे. साहेब निवडून आले होते. अण्णांचा अनुभव असा की हरलेला तोंड दाखवत नाही आणि जिंकलेल्याला वेळ नसतो. म्हणून पुढे ते इलेक्शनच्या कामाला निम्मे पैसे आधी घ्यायला लागले.

नंतरही अशा बातम्या आल्या की मी अण्णांना फोन करून सांगायचे. जानेवारी २०१५ मध्ये ओबामा दिल्लीत आले तेव्हा मोदींनी घातलेला तो सूट, ज्याच्या पट्ट्यांत त्यांचंच नाव विणलेलं होतं. राहुल गांधींनी 'सूट-बूट की सरकार' म्हणून त्याचं सोनं केलं, आणि सुरतेत लिलावात त्याला ४ कोटी ३१ लाख आले. अण्णांना फक्त एवढंच विचारायचं होतं की कटिंग करताना नाव मधेच तुटू नये म्हणून कापड किती वाया गेलं असेल. मग २०२२ मध्ये भारत जोडो यात्रेत राहुल गांधींच्या अंगातला टी-शर्ट बर्बेरीचा, ४१,२५७ रुपयांचा, म्हणून भाजपने फोटो आणि किंमत शेजारी शेजारी टाकली. त्यावर अण्णा हसले. "टी-शर्टाला शिलाई कसली."

पेलिन यांच्या कपड्यांचं शेवटी काय झालं, ते मी त्यांना २००९ मध्ये, परतल्यावर सांगितलं होतं. निवडणूक हरली. कपडे दान करणार असं पक्षाने आधीपासून सांगितलं होतं. मग बातमी आली की ते कचऱ्याच्या प्लास्टिक पिशव्यांत भरून पक्षाच्या मुख्य कचेरीत पडून आहेत. मला वाटलं अण्णा पैशांचं काही बोलतील, पाऊण कोटी कचऱ्याच्या पिशवीत वगैरे. ते मशिनीत दोरा ओवत होते. मान वर न करता म्हणाले, "जाकीट पिशवीत कोंबलं? मेला असंल खांदा."