जेरुसलेमचे जावई

गेल्या रविवारी लाइट बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी एक वंशावळ काढत बसले होते आणि ती काही केल्या कागदात मावेना. आईने येऊन बघितलं, "अगं या कसल्या रेघोट्या?" म्हटलं जेरुसलेमचं राजघराणं आहे, क्रुसेडवालं. मग तिला सांगायला लागले, हिचा पहिला नवरा हा, तो गेला, मग दुसरा, मग हिची सावत्र बहीण, तिचे चार नवरे, आणि तिसऱ्यापर्यंत पोचले तेवढ्यात आई म्हणाली, "म्हणजे हे लोक सगळा वेळ स्थळंच बघत होते की. लढाई कधी करायचे?"

मी हसले, पण नंतर वाटलं की बाई चुकीचं काही बोलली नाहीये.

आपल्याला शाळेत क्रुसेड म्हणजे धर्मयुद्धं, एवढ्यावर विषय संपतो. १०९५ ला पोपने हाक दिली, १०९९ ला जेरुसलेम घेतलं, ११८७ ला इजिप्त-सीरियाच्या सुलतान सलाहुद्दीनने परत घेतलं, पुढचा धडा. पण मधल्या अठ्ठ्याऐंशी वर्षांत तिथे एक अख्खं राज्य चालू होतं, युरोपातून आलेल्या लोकांचं, चारही बाजूंनी शत्रू, माणसं कायम कमी, आणि राजाला मुलगा होईल याची काही गॅरंटी नाही. आपल्याकडे अशा वेळी दत्तक घेऊन गादी चालवायचे, यांच्यात तो मार्गच नव्हता. मुलगा नसेल तर मुलगी, आणि मुलगी असेल तर तिला नवरा, कारण सैन्य घेऊन पुढे जायला माणूस लागतो. म्हणून प्रत्येक पिढीत समुद्रापलीकडून जावई मागवायचा, आणि मग त्या जावयाशी भांडत बसायचं.

पहिलाच राजा बाल्डविन. तीन लग्नं, मूल एकही नाही. तिसरी बायको सिसिलीची ॲडलेड, विधवा आणि गडगंज, ती १११३ ला खजिना भरलेली जहाजं घेऊन आली. पैसे संपल्यावर १११७ मध्ये बाईंना परत पाठवून दिलं, कारण काय तर आधीची बायको अजून जिवंत आहे, जी अर्थातच लग्नाच्या दिवशी पण जिवंतच होती. ॲडलेडचा मुलगा सिसिलीचा राजा रॉजर, त्याने आणि त्याच्या घराण्याने हा अपमान पुढे बरीच वर्षं मनात ठेवला.

त्याच्यानंतर चुलतभाऊ दुसरा बाल्डविन, याला अर्मेनियन बायकोपासून चार मुली. थोरली मेलिसेंद. तिच्यासाठी फ्रान्सहून आंजूचा काउंट फुल्क आणला, बिजवर, घरी मोठी मुलं असलेला. त्याने आपली जहागीर मुलाच्या नावावर केली आणि ११२९ मध्ये येऊन लग्न केलं, चक्क घरजावई. (तो तिकडे ठेवलेला मुलगा म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीचा बाप, आणि रिचर्ड द लायनहार्ट हा या फुल्कचा पणतू. हे कळलं तेव्हा माझ्या बिलावरची वंशावळ पहिल्यांदा कागदाबाहेर गेली.) सासऱ्याने मरताना राज्य जावयाला एकट्याला दिलं नाही, मुलगी, जावई आणि तान्हा नातू अशा तिघांना मिळून दिलं. फुल्कने तरी एकट्याने कारभार करून बघितला, राणीच्या बाजूचा एक सरदार बंडाला उठला, आणि नंतर तो जेरुसलेमच्या रस्त्यात फासे खेळत असताना कोणीतरी त्याला भोसकलं. संशय राजावर. तेव्हापासून राणी इतकी भडकलेली की राजाच्या माणसांना तिच्या समोर जायची भीती वाटायची, आणि पुढे फुल्क बारीकसारीक गोष्टही तिला विचारल्याशिवाय करेनासा झाला. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत हस्तिदंती कव्हरचं एक सुंदर प्रार्थनेचं पुस्तक आहे, मेलिसेंदचं, ते फुल्कने समजूत काढायला बनवून घेतलं असावं असं बरेच अभ्यासक मानतात. नवरे तेव्हाही असेच होते म्हणायचे. हा फुल्क ११४३ मध्ये लढाईत नाही, सशाच्या मागे घोडा घातला आणि पडून गेला.

आता ज्याच्यामुळे मी या सगळ्या भानगडीत पडले तो चौथा बाल्डविन, मेलिसेंदचा नातू. तो नऊएक वर्षांचा असताना मुलं खेळत होती, एकमेकांच्या हाताला नखांनी चिमटे काढायचा खेळ, बाकीची ओरडायची आणि हा एकदम शांत. त्याचे शिक्षक विल्यम ऑफ टायर यांना आधी वाटलं पोरगं सोशिक आहे. मग जवळ घेऊन विचारलं तर लक्षात आलं की उजव्या हाताला नीट संवेदनाच नाहीये. महारोग. विल्यमने हे स्वतः लिहून ठेवलंय आणि लिहिताना त्याला रडू आवरत नाहीये हे वाचताना कळतं, निदान मला तरी कळलं.

११७४ मध्ये तेराव्या वर्षी तो राजा झाला. सोळाव्या वर्षी मॉन्टगिसार्डला त्याने सलाहुद्दीनच्या कितीतरी मोठ्या सैन्याला पळवून लावलं, पण त्याचं लग्न होणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे राज्याची सगळी भिस्त बहीण सिबिलावर, म्हणजेच तिच्या नवऱ्यावर. पहिला नवरा मोंफेरातचा विल्यम, काही महिन्यांत आजारपणात गेला, सिबिला तेव्हा गरोदर. दुसरा ११८० साली घाईघाईत आणलेला गी द लुसिन्याँ. इंग्रजीवाले याला गाय म्हणतात, मी म्हणणार नाही, वाचताना भलतंच जनावर डोळ्यासमोर येतं. तर या गीला राजाने कारभार सोपवला, तो जमला नाही म्हणून काढून घेतला, बहिणीचं लग्न मोडायचा प्रयत्न केला, तेव्हा नवरा-बायको अस्कलोनच्या किल्ल्यात जाऊन बसले. राजा स्वतः तिथे गेला, डोळे गेलेले, हातपाय चालत नाहीत, आणि वेशीचं दार ठोठावलं. कोणी उघडलं नाही. मेहुण्याने राजाला दारात उभं ठेवलं!

याच्या थोडं आधी, ११८३ मध्ये, केराकच्या किल्ल्यात राजाच्या धाकट्या सावत्र बहिणीचं, इझाबेलाचं लग्न होतं. वय अकरा. ऐन लग्नात सलाहुद्दीनचा वेढा पडला. एका ख्रिश्चन बखरीत असं आलंय की वरमाईने लग्नाच्या जेवणातली ताटं बाहेर सलाहुद्दीनला पाठवली आणि त्याने विचारून घेतलं की नवं जोडपं कुठल्या बुरुजात आहे, मग त्या बुरुजावर दगड टाकू नका असा हुकूम दिला. खरं-खोटं देव जाणे, पण बाकीच्या बुरुजांवर दगड चालू होते हे नक्की. आणि वेढा उठवायला महारोगी राजा डोलीत बसून गेला.

११८५ मध्ये तो गेला. पुढच्या वर्षी सिबिलाचा लहान मुलगाही गेला. सरदारांनी अट घातली, सिबिलाला राणी करू पण या नवऱ्याला सोड. ती म्हणाली ठीक आहे, फक्त पुढचा नवरा मी निवडणार. कबूल. मुकुट डोक्यावर आला, तिने नवरा निवडला, तोच. गी. मला हा प्रसंग वाचून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या होत्या, पण पुढे काय झालं ते माहीत असल्यामुळे हात तिथेच थांबले. ४ जुलै ११८७ ला याच गीने सैन्य ऐन उन्हाळ्यात पाण्याविना हत्तीनच्या टेकड्यांवर नेलं, समोर तळं दिसतंय पण मध्ये सलाहुद्दीन, त्यात त्याच्या माणसांनी सुकलेलं गवत पेटवून दिलं. सगळं सैन्य गेलं. २ ऑक्टोबरला जेरुसलेम गेलं, पुरुषाला दहा दिनार, बाईला पाच अशी खंडणी भरून लोक बाहेर पडले.

तरी स्थळं बघणं थांबलं नाही. सिबिला ११९० मध्ये अक्रा शहराबाहेरच्या छावणीत साथीत गेली, दोन मुलींसकट. तिच्यामुळे राजा झालेला गी आता नुसता विधुर, आणि हक्क आला इझाबेलाकडे. तिचा नवरा हम्फ्री मऊ स्वभावाचा, तिला तो हवा होता, पण राज्याला लढणारा कॉनराड हवा होता. मग शोध लागला की लग्नात ती अकराच वर्षांची होती, संमती धरता येत नाही, आणि ते लग्न मोडून तिचं कॉनराडशी लावलं. हे आठवायला सात वर्षं लागली. कॉनराडचा सख्खा भाऊ म्हणजे सिबिलाचा पहिला नवरा, हे नातं चर्चच्या नियमात बसत नव्हतं, पण ते कोणी मनावर घेतलं नाही.

दीड वर्षाने, एप्रिल ११९२, टायर शहर. इझाबेला हमामात होती, तिला उशीर होतोय बघून कॉनराड एका बिशपकडे जेवायला गेला, तर बिशप आधीच जेवून बसलेले. परत येताना गल्लीत दोघांनी त्याला भोसकलं. आठवड्याभरात गरोदर इझाबेलाचं तिसरं लग्न, शॅम्पेनच्या हेन्रीशी. तो पाच वर्षांनी खिडकीतून पडून मेला. चौथा एमरी, गीचा भाऊ. १२०५ ला तो गेला आणि पाठोपाठ तीही, वय तेहतीस.

पलीकडे उलट प्रॉब्लेम. सलाहुद्दीनला सतरा मुलगे, त्यामुळे तो ११९३ मध्ये गेल्यावर अस्सल भाऊबंदकी, आणि शेवटी सगळ्यांना बाजूला सारून गादीवर बसला तो त्याचा भाऊ अल-आदिल. याच अल-आदिलसाठी क्रुसेडला आलेल्या रिचर्ड द लायनहार्टने ११९१ मध्ये स्वतःच्या विधवा बहिणीचं, जोनचं, स्थळ सुचवलं होतं! दोघांनी जेरुसलेममध्ये राज्य करायचं, युद्ध खलास. हे सलाहुद्दीनच्या पदरी असलेल्या बहाउद्दीनने लिहून ठेवलंय. जोन मुसलमान नवरा करायला तयार होईना, बारगळलं. आईला हे सगळ्यात आवडलं, "बघ, म्हटलं नव्हतं."

शेवटचा मोठा जावई पवित्र रोमन साम्राज्याचा बादशहा दुसरा फ्रेडरिक. इझाबेलाची नात, योलांद, हिला टायरमध्ये मुकुट घातला आणि जहाजात बसवून इटलीला पाठवलं. १२२५ मध्ये ब्रिंदिसीला लग्न झालं आणि फ्रेडरिकने तोवर राज्य चालवणाऱ्या सासऱ्याला लगेच सांगितलं, आता राजा मी. १२२८ मध्ये मुलगा झाल्यावर काही दिवसांत योलांद गेली, पंधरा-सोळा वर्षांची असेल. त्यानंतर हा पॅलेस्टाइनला गेला, पोपने बहिष्कृत केलेला असताना, आणि अल-आदिलच्या मुलाशी बोलणी करून जेरुसलेम दहा वर्षांच्या करारावर मिळवलं. लढाई नाहीच. त्या सुलतानाचं पण आधी भावाशी आणि मग पुतण्याशी वाजलेलं होतं, त्याला डोक्याला आणखी ताप नको होता. १८ मार्च १२२९ ला फ्रेडरिकने चर्चमध्ये मुकुट स्वतःच उचलून डोक्यावर ठेवला, कारण बहिष्कृत माणसाला कोण घालणार.

"आणि ते पोर?" आईने विचारलं. "आई नसलेलं. त्याचं काय झालं?"

कॉनराड नाव त्याचं. हक्काने जेरुसलेमचा राजा तोच होता, जन्मल्यापासून. जर्मनीत वाढला, इटलीत सव्विसाव्या वर्षी गेला, जेरुसलेमला एकदाही गेला नाही.