चार ओळींचं पत्रक

नवी मुंबईतल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीतर्फे, म्हणजे चर्चतर्फे, मी वस्त्यांमधलं काम बघते. त्या शनिवारी तुर्भ्याच्या इंदिरानगरात क्षयरोगावर बैठक ठेवली होती. वेळ दुपारची, कारण एपीएमसीच्या घाऊक बाजारात कांदा-लसूण निवडायला गेलेल्या बायका तोवर परततात आणि पाणी यायला अजून अवकाश असतो. नळाला पाणी आलं की बैठक संपली, मग बोलणारा कितीही चांगला असो.

महापालिकेच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या आमच्या मंडळीतल्या सिस्टर, म्हणजे नर्सबाई, बोलणार होत्या. पाळक घडवणाऱ्या सेमिनरीतून नुकत्याच शिकून आलेल्या एका तरुणाने जंतू, फुप्फुसं, लक्षणं असे मन लावून तक्ते केले होते. सिस्टरांनी ते भिंतीला टेकवले आणि स्वतः सतरंजीवर बसल्या. कुणाच्या घरी टीबी आहे का, असं त्या कधीच विचारत नाहीत. चार शेजारणींसमोर कोण सांगणार? "गोळ्या-औषधांचं मनात काही अडलंय का? इथं नको वाटलं तर मागाहून बोला," एवढंच म्हणाल्या.

तेवढ्यात दारात उभ्या असलेल्या पोराने विचारलं, "मॅडम, ह्याच्यासाठी धर्म बदलावा लागतो काय?" खोली गप्प झाली. मला त्याचा राग आला नाही. आतल्या बऱ्याच जणींच्या मनात तेच होतं. "नाही. पैसेही लागत नाहीत, चर्चला यावंही लागत नाही," मी म्हटलं. जास्त समजावत बसले असते तर संशय वाढला असता. त्यानंतर बायका सैल झाल्या.

बैठक उठल्यावर जालन्याकडची एक बाई मागं राहिली. नवरा ट्रक टर्मिनलवर हमाली करतो. तिनं पिशवीच्या तळातून गोळ्यांच्या स्ट्रिपा काढल्या, निम्म्या भरलेल्या. "लघवीतून रगात जातंय त्येंच्या, सिस्टर. म्या गोळ्या बंद केल्या." तिचा आवाज इतका खाली गेला होता की आम्हाला वाकून ऐकावं लागलं.

सिस्टरांनी घाई केली नाही. लघवीला दुखतं का? डोळे पिवळे दिसतात का? उलट्या होतात का, जेवण जातं का? तसलं काही नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "हे रक्त नाही, बाई. हा गोळीचा रंग आहे. हळद कालवली की हात पिवळा होतो ना, तसं. गोळी चालू असेपर्यंत लघवी लालसरच दिसायची."

टीबीच्या उपचारातल्या रिफाम्पिसिनमुळे असं होतं. घामाला, डोळ्यांतल्या पाण्यालाही कधी तो रंग येतो. सिस्टरांनी हे नाव उच्चारलंही नाही. तिला नाव नको होतं, नवरा वाचणार की नाही हे हवं होतं. "पण खंड पडलाय, तेव्हा सोमवारी दोघं आरोग्य केंद्रात जा. किती दिवस चुकले ते लपवू नका. बरं वाटलं तरी डॉक्टर सांगेपर्यंत गोळी सोडायची नाही." साध्या टीबीचा उपचारही सहसा सहा महिन्यांचा, आणि तो अर्धवट सोडला की जंतू औषधाला दाद देईनासे होतात. टीबी रुग्णांच्या आहारासाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेत रुग्णाला मिळणारी मदत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला हजार रुपये झाली आहे, हेही तिला ठाऊक नव्हतं. सोमवारी मी त्यांच्याबरोबर गेले. डॉक्टरांनी तपासून गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

शनिवारी बैठकीवरून परतताना तक्ते करणारा तो तरुण अस्वस्थ होता. इतकं सोपं बोललं तर विषयाचं वजन जातं, असं त्याला वाटत होतं. मी त्याला पंडिता रमाबाईंची आठवण दिली. १८७८ मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी संस्कृतच्या व्यासंगासाठी गौरवलेल्या या बाईंनी बायबलचं भाषांतर मात्र कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशा मराठीत केलं आणि १९२२ मध्ये डोळे मिटण्याआधी ते पुरं केलं. सोपं लिहिणं ही विद्वत्तेची कसोटी आहे, असं मी मानते. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी त्याला बायबलमधल्या आंधळ्या बार्तीमयाची गोष्ट काढून दिली. समोरचा आंधळा आहे हे दिसत असूनही येशू आधी त्यालाच विचारतो, तुला काय हवंय?

पुढच्या पत्रकाचं काम आम्ही त्याच्याकडेच दिलं. मोठ्या अक्षरांत चार ओळी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर तपासणी मोफत. गोळीने लघवी लाल होते, घाबरू नका. धर्म, पैसे, काही विचारत नाही. चौथ्या ओळीवर मात्र वाद झाला. मंडळीचं नाव आणि रविवारच्या उपासनेची वेळ छापायची की नाही? वस्तीत गैरसमज होईल म्हणून काहींना ते नको होतं. मी छापा म्हटलं. आपण कोण हे लोकांना पहिल्याच दिवशी कळलं पाहिजे, यायचं की नाही ते त्यांचं ते ठरवतील. पाळकसाहेबांनी मान डोलावली आणि ती ओळ छापली.