क्लॅम्प सोडण्याआधी

“सोडतोय मी क्लॅम्प.”

“सर, थांबा. एबीजी येऊ दे.”

धमनीवरचा चिमटा सोडू पाहणाऱ्या सर्जनचा हात भूल देणाऱ्यानं धमनीतल्या रक्ताच्या तपासणीसाठी (एबीजी) अडवायचा, तोही रात्री अडीचला, म्हणजे बोलणी खायची तयारी हवी. पण टेबलावरच्या मावशींचं आतडं सात तास रक्तावाचून होतं. लहानपणीच्या संधिवाताच्या तापानं हृदयाची झडप आकसलेली, ठोके अनियमित. रक्त पातळ करायची गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून महिनाभर बंद. हृदयातली गुठळी सुटली ती लहान आतड्याच्या मुख्य धमनीत जाऊन बसली. पोट हाताला मऊ आणि मावशी तर गुरासारख्या ओरडतायत, हीच या दुखण्याची खूण. संध्याकाळभर ती ‘गॅस’ म्हणून खपली.

फोगार्टी कॅथेटरचा, म्हणजे धमनीत सरकवलेल्या बारीक नळीच्या टोकाचा, फुगा ओढला तशी करंगळीच्या पेराएवढी गुठळी ट्रेमध्ये पडली. नातेवाइकांना वाटतं, अडथळा निघाला की झालं. माझी धास्ती तिथून सुरू होते. उपाशी आतड्यात साठलेलं आम्ल आणि पोटॅशियम एकदम हृदयाकडे येतं. वर, ज्या ऑक्सिजनसाठी एवढी धडपड केली, त्यातूनच फ्री रॅडिकल नावाचे जहाल कण तयार होऊन आतड्याचं अस्तर भाजून काढतात. प्रयोगशाळेतल्या उंदरांना यावर कितीतरी औषधं लागू पडली. माणसांत खात्रीनं लागू पडेल असं त्यातलं एकही माझ्या ट्रॉलीत नाही.

एबीजी आला. पोटॅशियम ५.९ म्हणजे जास्त, पीएच ७.२१ म्हणजे रक्त आम्लाकडे झुकलेलं. एका लाइनीतून हृदय सावरायला कॅल्शियम, दुसरीतून आम्ल मारायला सोडाबायकार्ब (एकाच लाइनीत दोन्ही गेले की आत चक्क खडू होतो). बीपी धरून ठेवणारं नॉरअ‍ॅड वाढवलं.

“हं, सोडा सर. हळू.”

त्यांनी क्लॅम्प जरासा उघडला, मिटला, परत उघडला. तरीही बीपी ६० वर आलं आणि ईसीजीवर टी वेव्ह तंबूसारख्या उभ्या राहिल्या, पोटॅशियम वाढल्याची खूण. परत कॅल्शियम. सिस्टर मोठ्यानं आकडे वाचत होत्या: ६४... ७०... ८२.

मग कोमट सलाईनमध्ये भिजवलेल्या मॉपमध्ये (ऑपरेशनच्या जाड कापडी घडीत) आतडं गुंडाळलं आणि पंधरा मिनिटं कुणी हात लावला नाही. मॉप उघडला तेव्हा राखाडी वेटोळ्यांवर गुलाबी झाक आली होती. एक वेटोळं तर सावकाश वळवळलं. फूटभर काळं राहिलं ते कापलं. शंकेचं तसंच ठेवलं, टोकं जोडली नाहीत, पोट तात्पुरतं झाकलं.

छत्तीस तासांनी पुन्हा उघडलं. शंकेचं सगळं गुलाबी होतं. टोकं जोडता जोडता सर्जननी मान वर न करताच विचारलं, “परवा ओरडलो होतो का रे मी तुझ्यावर?”

“हो सर.”

“बरं. एबीजी पाठव.”