मुरगळलेला पाय तीन आठवड्यांनीही दुखतोय, डॉक्टरांना दाखवायचा का?

"हाड मोडलं असतं तर पाय टेकवताच आला नसता." "बोटं हलतायत ना, मग काही नाही झालेलं." पाय मुरगळला की घरातून, शेजारून, ऑफिसातून ही दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. दोन्ही चुकीची आहेत. बोटं हलवणारे मोठे स्नायू पोटरीत असतात आणि त्यांच्या दोऱ्या घोट्यावरून पुढे बोटांपर्यंत जातात. तळव्याच्या मधलं एखादं हाड तडकलं तरी त्या दोऱ्या आपलं काम करतच राहतात. पाय टेकवण्याचंही तसंच. पावलात 26 हाडं आहेत. एकाला चीर गेली तर बाकीची भार वाटून घेतात आणि माणूस लंगडत लंगडत बाजारहाट करून येतो. दुखणं अंगावर काढलं जातं ते यामुळेच.

"किती दिवस वाट बघायची?" असं सगळे विचारतात. नुसते दिवस मोजून याचं उत्तर मिळत नाही. नेमकं कुठे दुखतं, हे आधी बघायचं. मग मागच्या आठवड्यापेक्षा आज काय फरक आहे, हे बघायचं. दिवसांचा हिशेब त्यानंतर.

जागा बोटाने शोधायची असते. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी 1992 साली घोट्याच्या एक्स-रेसाठी काही साधे नियम मांडले, आणि आज जगभरातल्या कॅज्युअल्टीत ते वापरले जातात. ते ताज्या दुखापतीसाठी आहेत, पण त्यातल्या दाबून बघायच्या जागा नंतरही तितक्याच बोलक्या असतात. खुर्चीवर बसा, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. वेदनाशामक गोळी घ्यायच्या आधी हे करा. आधी चांगल्या पायावर दाबून बघा, म्हणजे कोणत्याही पायाला कितपत दुखतं ते कळेल. घोट्याच्या बाहेरच्या गाठीची मागची कड टोकापासून वर साधारण 6 सेंटिमीटर, म्हणजे तीन-चार बोटं, तर्जनीच्या टोकाने दाबत जा. आतल्या गाठीचंही तसंच करा. मग पायाच्या करंगळीपासून पावलाच्या बाहेरच्या कडेने बोट मागे सरकवत आणा. कडेच्या साधारण मध्यावर एक उंचवटा लागतो, तो दाबा. शेवटी आतल्या गाठीपासून पुढे आणि थोडं खाली, दोनेक बोटांवर, पायाच्या कमानीच्या वर एक टेंगूळ लागतं, तेही दाबा. यातल्या एका जरी जागी हाडावर दाबल्यावर कळ आली, किंवा लंगडत का होईना पण सलग चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायचा. मग ती दुखापत कालची असो नाहीतर तीन आठवड्यांपूर्वीची.

बाहेरच्या गाठीच्या पुढच्या-खालच्या खळगीत दुखत असेल आणि हाडावर काही नसेल, तर बहुतेक वेळा ते लिगामेंटचं, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणाऱ्या पट्टीचं, ताणणं असतं. मुरगळलेल्या पायात सगळ्यात जास्त सापडतं ते हेच. त्याला थोडा वेळ द्यायला हरकत नाही.

करंगळीच्या रेषेतल्या त्या उंचवट्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. पाय आत वळला की या हाडाच्या मागच्या टोकावर ओढ बसते आणि टोकाचा तुकडा निघतो. हे बहुधा कडक तळाच्या बुटात सहा-आठ आठवड्यांत जुळून येतं. पण त्याच हाडाला टोकापासून दीडेक सेंटिमीटर पुढे चीर गेली तर प्रकरण वेगळं. तिथे रक्तपुरवठा कमी असतो, हाड जुळायला वेळ लागतो आणि चालत राहिलं तर कित्येकदा जुळतच नाही. रॉबर्ट जोन्स या ब्रिटिश सर्जनांनी 1902 साली हे फ्रॅक्चर नोंदवलं. नाचताना ते त्यांच्या स्वतःच्याच पायाला झालं होतं. अशा चिरेला सहा-आठ आठवडे पाय अजिबात न टेकवता ठेवावा लागतो, काहींना स्क्रू घालावा लागतो. दोन्हींचं दुखणं सारखं, जागा बोटभर अंतरावर आणि उपचार मात्र निराळे. घरी बसून हा फरक ओळखता येत नाही.

दुसरी खूण बोटाने नाही, डोळ्यांनी बघायची आहे. पाय वर करून तळवा बघा. पायाच्या वरच्या बाजूला किंवा घोट्याशी काळंनिळं होणं नेहमीचंच, पण तळव्याच्या मध्यावर काळानिळा डाग असेल तर एक दिवसही थांबू नका. पावलाच्या मध्यातले जोड एकमेकांना बांधून ठेवणारी बळकट लिगामेंट्स फाटल्याची ती खूण असू शकते. लिस्फ्रँक या फ्रेंच सर्जनच्या नावाने ही दुखापत ओळखली जाते. जिन्याची शेवटची पायरी चुकली, चवडा अडकून अंग पुढे गेलं, बाईक अंगावर पडली, अशा साध्या प्रसंगातून ती होते. चवड्यावर उभं राहायला गेलं की पावलाच्या मध्यात जीवघेणी कळ येते. झोपवून काढलेल्या एक्स-रेमध्ये ती निसटू शकते, कारण अंगाचा भार नसताना हाडं आपल्या जागीच दिसतात. म्हणून दोन्ही पायांवर उभं करून एक्स-रे काढतात आणि चांगल्या पायाशी ताडून बघतात. ही दुखापत राहून गेली तर पायाची कमान बसते आणि सांध्यांची झीज कायमची मागे लागते. ज्या पायाला सुरुवातीलाच नीट दाखवलं असतं तर चार महिन्यांत चालता आलं असतं, तो वर्षानुवर्षं दुखत राहतो. याची मला फार हळहळ वाटते.

आता आठवड्यांचा हिशेब. घोट्याचं लिगामेंट नुसतं ताणलं असेल तर एक ते तीन आठवडे, अर्धवट फाटलं असेल तर तीन ते सहा, पूर्ण तुटलं असेल तर तीन महिन्यांपर्यंत. संध्याकाळची थोडी सूज त्यानंतरही काही महिने येते, तिने घाबरू नये. बघायचं ते हे, की दर आठवड्याला काहीतरी सुधारतंय का. मागच्या रविवारी जिना धरून उतरत होतात, या रविवारी न धरता उतरलात, तर पाय बरा होतोय. सलग दोन आठवडे जैसे थे असेल, किंवा सुधारून पुन्हा बिघडला असेल, तर दाखवा. चालण्यासाठी दोन आठवड्यांनंतरही रोज गोळी घ्यावी लागत असेल, तर तेवढ्यावरूनही दाखवा. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या अशा आठवडे-आठवडे चालू ठेवल्या की पोट, मूत्रपिंड आणि ब्लडप्रेशर या तिन्हींना त्रास होतो, आणि दुखणं दबल्यामुळे पायावर नको तितका भार पडतो.

सहा आठवड्यांनंतर घोट्याच्या आत खोलवर दुखतं, मधेच काहीतरी अडकल्यासारखं होतं, असं असेल तर सांध्याच्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तराला, इजा झालेली असू शकते. ती बऱ्याचदा साध्या एक्स-रेत दिसत नाही, एमआरआय लागतो. दुखत नाही, पण खडबडीत रस्त्यावर पाय पुन्हा पुन्हा दगा देतो, अशी तक्रार असेल तर बहुतेकदा घोट्याचा तोल परत आलेला नसतो. तिथे गोळीपेक्षा फिजिओथेरपिस्ट जास्त उपयोगाचा. एका पायावर 30 सेकंद उभं राहणं, जमलं की डोळे मिटून, भिंतीला हात लावून टाच उचलणं 10-15 वेळा, असे तीन फेरे, आणि खुर्चीत बसून अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवणं. हे रोज, निदान सहा आठवडे. दुखणं गेलं की लोक व्यायाम सोडतात आणि तोच पाय पुन्हा मुरगळतो.

काही पाय न मुरगळताच दुखायला लागतात. पोलीस भरतीची मुलं-मुली 1600 किंवा 800 मीटरची तयारी करताना डांबरी रस्त्यावर एकदम धावणं वाढवतात, किंवा कोणी वर्षभर बसून काम करून थेट वारीला चालू लागतं. मग पावलाच्या वर, दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत, एका बोटाएवढ्या जागी दुखू लागतं. आधी धावताना, मग चालताना, मग रात्री झोपेतही ठणका. हे ताणामुळे पडलेलं फ्रॅक्चर असतं. ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरने 1855 मध्ये कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पायांचं वर्णन केलं, ते हेच. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे साफ येऊ शकतो. "नॉर्मल" रिपोर्ट हातात पडला म्हणून पुन्हा धावायला लागू नका. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे किंवा लगेच हवं असेल तर एमआरआय, आणि तोवर धावणं बंद. भरतीची तारीख जवळ आलेल्या मुलाला हे सांगणं कठीण असतं, पण सहा-आठ आठवड्यांची विश्रांती टाळली तर चिरेचं पूर्ण फ्रॅक्चर होऊ शकतं आणि ती भरतीही हुकते.

सकाळी उठल्यावरचं पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येते आणि चालल्यावर कमी होते, हे बहुधा तळव्याच्या पट्ट्याचं दुखणं. हे चिवट असतं पण घातक नसतं. पोटरी आणि तळवा ताणायचे व्यायाम रोज, मऊ तळाची चप्पल घरातही, आणि सहा आठवड्यांत काहीच फरक नाही पडला तर दाखवा.

वर सांगितलेली सगळी सबुरी मधुमेह असलेल्यांसाठी नाही. साखरेमुळे पायाची संवेदना गेली की हाड मोडलं तरी दुखत नाही. पाय लाल, सुजलेला आणि गरम आहे, पण त्या मानाने दुखत नाही, हे त्यांच्यात सगळ्यात धोक्याचं लक्षण. हाताची मागची बाजू दोन्ही पावलांना लावून बघा. एक पाय स्पष्ट गरम लागला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि तोवर पायावर भार देऊ नका. आतल्या आत हाडं ढासळत असतात, आणि उशीर झाला तर पावलाचा आकारच बदलतो. अशा पायाला गरम पाण्याचा शेक देऊ नका. चटका बसतो आणि कळतही नाही.

गावाकडचं एक दुखणं शहरातल्या डॉक्टरांना चटकन सुचत नाही. बाभळीचा काटा रुततो, वरचा भाग निघतो, टोक आत मोडून राहतं. जखम मिटते, आठवड्यांनी तिथे गाठ होते, दाबलं की दुखते, कधी पू येतो. त्याला कुरूप समजून बिब्बा लावतात, आणि बिब्ब्याने कातडी भाजून दुखणं दुप्पट होतं. काटा किंवा लाकूड एक्स-रेत सहसा दिसत नाही, सोनोग्राफीत दिसतं. म्हणून डॉक्टरांना "काटा मोडला होता" हे शब्द आवर्जून सांगा. बुटाच्या तळातून खिळा घुसला असेल आणि आठवडाभराने पुन्हा दुखू लागलं तर तो जंतुसंसर्ग हाडापर्यंत गेलेला असू शकतो, तिथे वाट बघायचीच नाही. मळकट जखमेला धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं घेऊन 5 वर्षं उलटली असतील तर पुन्हा घ्या.

ताबडतोब निघायचं कधी, तर पाऊल वाकडं दिसतंय, बोटं गार किंवा फिकी पडली आहेत, ताप आणि लाली वर चढते आहे, किंवा पोटरी सुजून दम लागतोय तेव्हा. टाचेच्या मागे कोणीतरी लाथ मारल्यासारखं वाटून पाय लुळा पडला असेल तर पालथं झोपून पावलं पलंगाबाहेर ठेवा आणि दुसऱ्याला पोटरी दाबायला सांगा. दाबल्यावर पाऊल तळव्याच्या दिशेने, म्हणजे चवडे ताणल्यासारखं, हललं पाहिजे. नाही हललं तर टाचेची मोठी शीर, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी जाड दोरी, बहुधा तुटली आहे. इतर स्नायूंच्या जोरावर थोडं चालता येतं म्हणून हे अंगावर काढतात, पण दोन-तीन आठवडे गेले की टोकं आखडतात आणि शस्त्रक्रिया अवघड होते.

लेपाबद्दल. आंबेहळद, तुरटी, रक्तचंदन घरोघरी लावतात. कोमट, पातळ लेप लावायला माझी हरकत नाही. पण मालिश आणि "हाड बसवून घेणं" एक्स-रेच्या आधी अजिबात नको. जागेवर असलेली चीर ओढाताणीत सरकते.

दाखवायला जाताना लेप एक दिवस आधी धुऊन टाका, हळदीच्या पिवळ्या रंगाखाली काळंनिळं झाकलं जातं. गुडघ्यापर्यंत वर होईल अशी सैल पॅंट किंवा सलवार घाला, रोजची चप्पल किंवा बूट घालूनच जा, तळ कुठे झिजलाय ते त्यांना बघायचं असतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा एक्स-रे नसतो, त्यामुळे ग्रामीण रुग्णालय किंवा सिव्हिलची हाडांची ओपीडी कोणत्या वारी असते ते आधी विचारून घ्या. पाय कोणत्या दिशेने वळला, लगेच टेकवता आला का, सूज तासाभरात आली की दुसऱ्या दिवशी, हे तीन मुद्दे कागदावर लिहून न्या. पावलाच्या मध्यात दुखत असेल तर "एक्स-रे उभं राहून काढायचा का?" असं विचारा. आणि तो नॉर्मल आला तर "अजून किती दिवस दुखलं तर परत येऊ?" हे विचारून ती तारीख केसपेपरवर लिहून घ्या.