आमची वाटचाल : पेटी एक, माणसं पाच

1999 साली बेळगावच्या उद्यमबागेत भाड्याच्या शेडमध्ये जुना लेथ टाकला, तेव्हा आमची प्रथमोपचाराची पेटी म्हणजे हळदीचा डबा आणि धुतलेलं फडकं. फौंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, आणायचं, फेटलिंग (कडा घासून साफ करणं) आणि मशीनिंग करून द्यायचं. चौघं होतो, मी धरून. पुढं संगणकावर चालणारी सीएनसी मशीन आली, दुसरी पाळी सुरू झाली, खंडेनवमीला हारांची संख्या वाढत गेली. आज 36 जण आहेत.

मोठ्या गिऱ्हाइकाच्या ऑडिटरनं विचारलं, "फर्स्ट एडर किती?" मी तेव्हा लागू असलेल्या फॅक्टरी ॲक्टचं कलम 45 पाठ करून बसलो होतो. 150 कामगारांमागे किमान एक पेटी, प्रत्येक पेटीमागे प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असलेला एक माणूस. आमचा होता की एक, फेटलिंगचा सुपरवायझर. ऑडिटरनं टिक केलं, मीही निवांत झालो.

त्याच पावसाळ्यात रात्री नऊला हेल्परचा फोन आला. "मालक, रक्त थांबंना झालंय." ग्राइंडरवरून कास्टिंग सटकलं आणि धारेनं मनगट चिरलं होतं. कुणाचं? सुपरवायझरचंच. कुणी तरी हळद आणायला पळाला होता. आणि सुपरवायझरच खाली बसून, हात वर धरून पोरांना सांगत होता, "फडकं दाब, जोरात दाब, बघायला म्हणून उचलू नको." जखमी माणूस स्वतःवरच्या उपचाराचा वर्ग घेतोय, हे मी अजून विसरलेलो नाही. टाके पडले, हात वाचला.

नंतर कलम पुन्हा वाचलं. तो माणूस कामाच्या वेळेत सदैव हजर हवा, हे पुढचं वाक्य मी सोयीनं सोडलं होतं. मग हिशेब मांडला. पाळ्या दोन. प्रत्येक पाळीत एक, आणि तो रजेवर असेल किंवा त्यालाच लागलं तर दुसरा. झाले चार. फेटलिंगची शेड मागं, तिथल्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून पाचवा.

ऑफिसातला क्लार्क मुद्दाम घेतला नाही, तो साडेपाचला घरी जातो. एक बैलहोंगलकडचा कन्नड बोलणारा घेतला, एक बिहारचा. दुखायला लागलं की माणूस आपल्याच भाषेत ओरडतो. प्रशिक्षणाच्या दिवसांचा पगार पूर्ण दिला. तेवढे दिवस माल उशिरा गेला, बोलणी खाल्ली.

भाजलं तर आता कुणी टूथपेस्ट लावत नाही, नळाखाली धरतात. डोळ्यात कण गेला तर चोळू देत नाहीत. पाचही नावं, पाळी आणि सर्टिफिकेट संपायची तारीख दाराशेजारी तीन भाषांत लावलीय.

गेल्या महिन्यात दुसऱ्या पाळीतले दोघंही एकाच लग्नाला निघाले. सख्खे भाऊच ते, निवडताना माझ्या डोक्यातच आलं नाही. पहिल्या पाळीतल्या एकाला ओव्हरटाइम देऊन थांबवलं. प्रशिक्षणाला सहावं नाव पाठवलंय.