पेपर फोल्डिंगचे प्रश्न आणि रूमभर पडलेल्या टिकल्या

२०२३ च्या एसएससी सीजीएल टियर १ ची, म्हणजे केंद्र सरकारी नोकऱ्यांच्या परीक्षेच्या पहिल्या टप्प्याची, तयारी चालू होती तेव्हाचं सांगते. रिझनिंग म्हणजे हातचे मार्क असं सगळेच म्हणायचे आणि बाकीचं जमायचं पण मला, कोडिंग, नातेसंबंध वगैरे, पण ते कागदाच्या घडीचं चित्र आलं, तुटक रेष, बाण, शेवटी एक भोक, आणि विचारणार कागद उघडल्यावर कसा दिसेल, की डोकं बंद. बरं रिझनिंगच्या २५ प्रश्नांत असतो एखाद-दुसरा, सोडून द्यावा ना, तर नाही, ६० मिनिटांत १०० प्रश्न आणि मी त्या एकावर दोन-दोन मिनिटं घालवायचे आणि वर चुकून ०.५० मायनस.

शेवटी एका रविवारी रूममेटचं पंचिंग मशिन घेतलं, रद्दीतून चौकोन कापले आणि बसले जमिनीवर. डावी बाजू उजवीवर, मग खालची वर, आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात भोक. मला वाटलेलं भोकं मध्ये येतील. उघडलं तर चार कोपऱ्यांत चार! मग खालच्या डाव्या कोपऱ्यात पाडलं तर चारही मधोमध गोळा झालेली. म्हणजे घडी घातलेल्या कागदाचा जो कोपरा सगळीकडून बंद असतो तो अख्ख्या कागदाचा मध्य, आणि जो सुटा असतो तो कागदाचा खरा कोपरा. एवढी साधी गोष्ट, आणि मी तीन महिने त्यावर मार्क घालवले. लहानपणी गणपतीच्या डेकोरेशनला घोटीव कागदाला घड्या घालून कात्री मारायचो तेव्हा हे हाताला माहीत होतं, डोक्यापर्यंत पोचलंच नव्हतं बहुतेक.

मग सवयच लावून घेतली, घडी उघडायची ती उलट्या क्रमाने, शेवटची आधी, आणि प्रत्येक घडीची रेष म्हणजे आरसा. भोक रेषेपासून जेवढं लांब तेवढंच पलीकडे. त्रिकोणी कट असेल तर त्याचं टोकही आरशासारखं फिरतं, ऑप्शन बरेचदा तिथेच फसवतात. आणि अर्धगोल कट घडीवरच असेल तर उघडल्यावर दोन होत नाहीत, एकच पूर्ण गोल होतो.

तिरक्या घडीने मात्र रडवलं. तिथं मी कागदावर ४ बाय ४ चे चौकोन आखले. वर डावीकडून खाली उजवीकडे जाणाऱ्या कर्णावर घडी असेल तर पहिल्या ओळीतलं तिसरं घर उघडल्यावर तिसऱ्या ओळीतलं पहिलं होतं, नुसती अदलाबदल. दुसऱ्या कर्णाला हेच, फक्त घरं उजवीकडून मोजायची.

सगळ्यात जास्त चुका कुठं झाल्या तर अर्धवट घडीत. फक्त एक कोपरा दुमडलेला असतो आणि भोक दुमडीच्या बाहेर असतं, तिथं कागद एकपदरीच, मग भोक पण एकच. मी आपली डोळे झाकून दुप्पट करत सुटायचे. आता आधी पदर मोजते, म्हणजे भोकं किती ते कळतं, तेवढ्यावरच बरेचदा दोन ऑप्शन उडतात.

रूममेट वैतागली होती, फरशीवर पंचिंगमधून पडलेल्या कागदाच्या टिकल्याच टिकल्या, झाडून निघेनात, एक तर तिच्या डब्यातल्या भाजीत सापडली.

परीक्षेत एकच आला, तिरक्या घडीचाच. अर्ध्या मिनिटात झाला, आन्सर की आली तेव्हा पहिला तोच बघितला, बरोबर होता. इंग्लिशचं काय झालं ते मात्र विचारू नका.