जुनी फाउंटन पेनं जमवताना

जुनी पेनं मिळतात कुठे, हा प्रश्न मला सगळेच विचारतात. माझी बरीचशी पुण्याच्या जुन्या बाजारातली, काही मुंबईच्या चोरबाजारातली, आणि काही ओळखीच्यांच्या घरून आलेली, आजोबांच्या टेबलाच्या खणात वर्षानुवर्षं पडलेली. पण मिळणं सोपं आहे हो, त्यातलं घ्यायचं कुठलं हे कळायला वेळ लागतो.

मी आधी निबेचं टोक बघतो, कंपनीचं नाव नंतर. खिशात भिंग असतंच. टोकाला कठीण धातूचा बारीक मणी असतो, तो दोन्ही बाजूंना सारखा शिल्लक असेल तर बाकी बरंच काही दुरुस्त होतं, आतली शाईची रबरी पिशवी बदलता येते, क्लिप सरळ होते, पण मणीच झिजून गेला असेल तर तो परत बसवून देणारा माणूस शोधायचा कुठे? मग टोपणाच्या कडेला चीर आहे का बघायचं, भेग बहुतेक तिथूनच सुरू होते, आणि आटे नीट बसतायत ना तेही. हे सगळं झाल्यावर भाव विचारायचा.

पार्कर ५१ वर माझा फार जीव. अमेरिकेत १९४१ मध्ये बाजारात आलं, कंपनीला ५१ वर्षं झाली तेव्हाचं डिझाइन म्हणून नाव ५१. निब जवळजवळ पूर्ण झाकलेली, त्यामुळे शाई पटकन वाळत नाही. नवशिक्याने १९४८ नंतरचं, दाबून भरायचं मॉडेल घ्यावं असं माझं ठाम मत आहे, कारण त्यातली पारदर्शक नळी साध्या रबराची नाही, इतक्या वर्षांनीही बहुतेकदा शाबूत असते, नुसतं थंड पाणी परत परत भरून सोडत राहिलं की जुनी शाई सुटून पेन लिहायला लागतं.

खटक्याच्या, म्हणजे बाजूची छोटी पट्टी उचलून शाई भरायच्या, जुन्या पेनांचं तसं नाही. त्यातलं पिशवीचं रबर वाळलेल्या पापडासारखं कडकड मोडतं. ते खरवडून काढायचं, मापाचं नवं रबर लाखेने चिकटवायचं, वर टाल्कम पावडर लावायची आणि रात्रभर हात लावायचा नाही. आणि कृपा करून एबोनाइटचं, म्हणजे कडक केलेल्या रबराचं, पेन गरम पाण्यात बुडवू नका, काळा रंग तपकिरी-हिरवट पडतो, उन्हानेही पडतो.

आपल्याकडच्या एबोनाइटच्या पेनांकडे लोक उगाच दुर्लक्ष करतात, मला त्याचं वाईट वाटतं. राजमुंद्रीच्या रत्नम पेनाचं कौतुक करणारं पत्र गांधीजींनी १९३५ मध्ये वर्ध्याहून पाठवलं होतं. या पेनांत ड्रॉपरने थेट पोटात शाई भरायची, भरपूर मावते, फक्त आट्यांना थोडं सिलिकॉन ग्रीस लावा. शाई तळाला आली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि कागदावर थेंब पडतो, पेन खराब आहे म्हणून पडत नाही, त्यामुळे पाव पेन उरलं की परत भरायचं एवढंच.

ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई मात्र कुठल्याच पेनात नको, आत वाळली की सुटत नाही. सध्या मी मुंबईत बनलेलं जुनं विल्सन शोधतोय, मूळ टोपण आणि मूळ निब असलेलं.